केळीची साल, मोरचूद आणि पिवळं पाणी

गेल्या अंकात जुन्या पितळी तोट्यांमधून पाण्यात शिसं कसं उतरतं यावर लिहिताना मी शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं: फळांच्या साली, भाताचं तूस, झाडांच्या साली यांना पाण्यातला धातू चिकटतो. त्या एका वाक्याने मला महिनाभर कामाला लावलं. बहुतेक पत्रांत प्रश्न एकच, ‘किती घालायचं?’ जणू मी लोणच्याची कृती दिली होती आणि मिठाचं माप लिहायला विसरले! म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला. माझी एकतीस वर्षं पाणी तपासण्यात गेली, त्यातली पहिली नऊ एका प्लेटिंग, म्हणजे धातूवर धातूचा मुलामा चढवणाऱ्या, कारखान्याच्या सांडपाण्यापाशी. त्यामुळे उत्तरांत थोडी कडवट चव आली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. केळीच्या साली वाळवून, मिक्सरमधून काढून पाण्यात ठेवल्या की शिसं निघून जातं म्हणे. आमच्याकडे केळीला काय तोटा! आमचं बोअरचं पाणी फार जड आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. सालीची पुरचुंडी बांधून माठात सोडू का? रोज किती?
— एक गृहिणी, रावेर

ताई, माठात काही सोडू नका.

मेसेज साफ खोटा असता तर बरं झालं असतं. तो अर्धा खरा आहे. २०११ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी केळीच्या सालीची पूड वापरून पाराना नदीच्या पाण्यातलं शिसं आणि तांबं धरून दाखवलं होतं. पण ते काम प्रयोगशाळेतलं. पूड मोजून घेतलेली, पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा) ठरवलेला, आधी आणि नंतर धातू यंत्रावर मोजलेला. मेसेज पुढे ढकलताना हे सगळं गळतं आणि साल तेवढी उरते.

दुसरा घोटाळा आपल्या भाषेने केलाय. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्याला आपण जड पाणी म्हणतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, एवढंच. जड धातू म्हणजे शिसं, कॅडमियम, पारा ही मंडळी. हे दोन ‘जड’ एकमेकांचे कोणी लागत नाहीत. शिसं असलेल्या पाण्यात डाळ झकास शिजेल, साबणाला फेस येईल, चवीलाही काही कळणार नाही. तीच तर त्याची खोड आहे.

आता साल नेमकं काय करते ते पाहू. पेरूची जेली ज्यामुळे आळते ते पेक्टिन सालीत असतं, शिवाय सेल्युलोज आणि तुरट चवीचं टॅनिन. त्यांच्यावर आम्लाचे छोटे छोटे गट असतात आणि साध्या पाण्यात ते ऋण प्रभाराचे होतात. पाण्यात विरघळलेलं शिसं, तांबं, निकेल, कॅडमियम धन प्रभाराचं. ते येऊन या जागांवर बसतात आणि आधी बसलेला कॅल्शियम किंवा हायड्रोजन उठून पाण्यात जातो. याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो तसं हे आत मुरणं नसतं. धातू पृष्ठभागावरच्या ठरावीक जागांवर बसतो. एसटीच्या सीटसारखं समजा. सीट मोजक्या, आणि एकदा भरल्या की भरल्या.

तुमच्या पाण्यात या सीटवर आधीच रुमाल पडलेले आहेत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे अगदी चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या पाण्यातसुद्धा शिशाच्या एका कणामागे कठीणपणाचं वजन वीस हजार पट असू शकतं. शिसं तसं दांडगं आहे, बसलेल्या कॅल्शियमला उठवून जागा घेतं. पण एवढ्या गर्दीत त्याने प्रत्येक वेळी दारातून आत शिरावं असा भरवसा मी देणार नाही, आणि पिण्याच्या पाण्यात भरवसाच तर लागतो.

आणि कच्ची साल कुजते. मी स्वतः बरणीत ठेवून पाहिलीय, संत्र्याची आणि केळीची दोन्ही. पहिल्या दिवशी पाणी चहाच्या धुवणासारखं पिवळट, दुसऱ्या दिवशी वर बारीक तवंग, तिसऱ्या दिवशी झाकण उघडताच नाक मुरडावं असा आंबूस वास. नसलेलं शिसं काढायला जाऊन असलेलं पाणी नासवायचं कशाला? ‘नसलेलं’ म्हणते, कारण तुमच्या पत्रात शिसं असल्याची एकही खूण नाही. शंका असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते, तिथे चौकशी करा. मात्र ‘पाणी तपासून द्या’ एवढंच म्हणाल तर क्षार, नायट्रेट आणि जंतू तपासून देतील. धातूंची तपासणी वेगळी असते, ती नाव घेऊन मागावी लागते, आणि तिची बाटलीही वेगळी असते. घरात जुनी पितळी तोटी असेल तर पहाटेचं पहिलं पाणी एका बाटलीत आणि दोन मिनिटं नळ सोडून मगचं दुसरीत, असे दोन नमुने द्या.

डाळीसाठी रात्री भिजत घालणं आणि चिमूटभर खायचा सोडा, तुम्हाला माहीत असलेलंच. साली गोठ्यात जाऊ द्या.

प्रश्न : लहानपणी पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आमची आजी मडक्याच्या आतल्या बाजूला निवळीची बी घासायची. तासाभरात पाणी नितळ. आता शेवग्याच्या बियांबद्दल तेच वाचतो. निवळीने धातूही जात असतील का?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, चंद्रपूर

सर, तुमच्या आजीचं तंत्र फार जुनं आहे. निवळीला संस्कृतात कतक म्हणतात. कतकाचं फळ पाणी निवळवतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असं मनुस्मृतीत म्हटलंय. (वरच्या भिशीच्या ग्रुपला हे पाठवायला हरकत नाही.) सुदानमधल्या बायका नाईलचं गढूळ पाणी शेवग्याच्या बियांनी असंच निवळवत आल्या आहेत.

पण ही कारागिरी वेगळी. शेवग्याच्या बीमधलं प्रथिन धन प्रभाराचं असतं आणि पाण्यातले मातीचे कण ऋण. प्रथिन त्यांना एकत्र बांधतं, गोळे जड होऊन तळाशी बसतात. मातीच्या कणांना जो धातू चिकटलेला असेल तो त्यांच्याबरोबर खाली जाईल. विरघळलेल्या धातूसाठी यावर विसंबू नये. निवळलेलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये आणि बीचा अंश राहिल्यामुळे ते दुसऱ्या दिवसावर ठेवूही नये.

तुमच्या भागातलं खरं दुखणं फ्लोराइडचं. तो धातूच नव्हे, आणि निवळीला त्याचं काही पडलेलं नाही. त्यासाठी तुरटी आणि चुना वापरण्याची नळगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली, ती वेगळी गोष्ट.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मी मोरचूदाच्या निळ्या पाण्यात संत्र्याच्या सालीची पूड टाकली. पुस्तकातल्यासारखं पाणी रंगहीन व्हायला हवं होतं, पण माझं हिरवं झालं! सर म्हणाले, दुसरा प्रयोग घे. माझं काय चुकलं? मी एका ग्लासात एक चमचा मोरचूद आणि दोन चमचे पूड घेतली होती.
— एक विद्यार्थिनी, वरूड

बाळ, दुसरा प्रयोग अजिबात घेऊ नकोस. या सगळ्या गठ्ठ्यात तुझं एकटीचं पत्र असं निघालं की प्रयोग आधी केला आणि प्रश्न मग विचारला. शिवाय मापं लिहिलीस! वरूडला संत्र्याची साल म्हणजे घरचाच माल, तो सोडून कुठे जातेस?

हिरवं का झालं? रंगपेटी आठव. मोरचूदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, पाणी निळं. न धुतलेल्या सालीतून पिवळा रंग उतरतो. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा. तुझ्या ग्लासात तांब्याने काही वेगळं केलेलं नाही, सालीने आपला रंग सोडला. म्हणून पहिलं काम म्हणजे पूड धुणं. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेव, फडक्यातून गाळ, पुन्हा नवं पाणी. मला सहा-सात वेळा करावं लागायचं. गाळलेलं पाणी पांढऱ्या कपात धरून बघायचं, पिवळेपणा दिसेनासा झाला की थांबायचं. मग पूड सावलीत पसरून पूर्ण वाळव. धुतलेली पूड फिकी आणि खरखरीत होते, जराशी लाकडाच्या भुश्यासारखी. संत्र्याचा तो छान वास जातो. वाईट वाटून घेऊ नकोस.

दुसरी चूक मापात आहे, आणि तीच खरी मजेची. गणित कर. मोरचूदात वजनाच्या साधारण पाव हिस्सा तांबं असतं (बरोबर आकडा २५.४ टक्के, बाकीचं सल्फेट आणि स्फटिकातलं पाणी). एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम धरू. त्यात तांबं झालं सुमारे १२७० मिलिग्रॅम. धुतलेली साधी साल ग्रॅममागे वीस मिलिग्रॅम तांबं धरते असं समजून चालू. तुझी दोन चमचे पूड म्हणजे फार तर पाच ग्रॅम, तिने धरलं १०० मिलिग्रॅम. १२७० मधून १०० गेले तर निळ्या रंगात डोळ्याला फरक दिसेल का? अख्ख्या शाळेला एका रिक्षात बसवल्यासारखं झालं ते!

म्हणून एक लिटर पाण्यात फक्त एक ग्रॅम मोरचूद घे. पाणी आरओचं किंवा प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातित घे. बोअरचं घेतलंस तर त्यातल्या क्षारांमुळे तांबं आपोआप निळसर गढूळ होऊन खाली बसेल आणि तू त्याचं श्रेय सालीला देशील. आता हे पाणी इतकं फिकं दिसेल की ‘निळं कुठंय?’ असं वाटेल. घाबरू नकोस. परीक्षानळीत थोडं घेऊन सरांच्या देखत अमोनियाचे थेंब टाक. आधी फिकट निळा गढूळपणा येईल, आणखी थेंब टाकले की तो विरघळून सुंदर गडद निळा रंग चढेल. शाईची दौत आठवते. तांबं ओळखायची ही जुनी खूण. अमोनिया नाकात जातो, खिडकी उघडी ठेव.

मग तीन चंचुपात्रं मांड. पहिल्यात १०० मिलिलिटर मोरचूदाचं पाणी आणि एक ग्रॅम पूड. दुसऱ्यात तेवढंच मोरचूदाचं पाणी, पूड नाही. तिसऱ्यात साधं पाणी आणि एक ग्रॅम पूड. तिन्ही एक तास सारखी हलवत राहा. हात दुखतील, मैत्रिणीला धर. मग गाळून तिन्हींत अमोनियाचे सारखे थेंब टाक. दुसरं आणि तिसरं पात्र कशासाठी हे परीक्षक नक्की विचारतील. दुसरं सांगतं की सालीशिवाय तांबं कमी झालेलं नाही. तिसरं सांगतं की दिसणारा रंग सालीचा नाही. हिरव्या पाण्याचं कोडं तुला तिसऱ्या पात्राने पहिल्याच दिवशी सोडवून दिलं असतं.

किती तांबं गेलं हे सांगायला यंत्र लागत नाही. मूळ पाण्यात तेवढंच साधं पाणी घालून निम्मं कर, त्याचं पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं, आणि चारही नळ्यांत सारखा अमोनिया टाकून ओळीने लाव. तुझी नळी कोणाच्या रंगाशी जुळते ते पांढऱ्या कागदावर धरून बघ.

आणि सगळ्यात शेवटी, प्रदर्शनात मी असते तर इथे जास्त गुण दिले असते: वापरलेली पूड गाळणकागदावर चांगली धुऊन घे आणि सरांकडून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन तिच्यावर ओत. ते आम्ल गाळून त्यात अमोनिया जास्त टाक. निळा रंग परत येईल! तांबं कुठेही गेलेलं नव्हतं, सालीवर बसलेलं होतं. आम्लातल्या हायड्रोजनने त्याला उठवलं.

मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाल, ग्लास घरातला वापरू नकोस, उरलेलं पाणी मोरीत ओतू नकोस. त्यात चुन्याची निवळी घाल, तांबं निळसर गाळ होऊन खाली बसेल. तो गाळ बाटलीत भरून सरांकडे दे. तुमच्या भागात बोर्डो मिश्रण मारणारे शेतकरी आहेत, त्यांना विचार. मोरचूद आणि चुना एकत्र आले की काय होतं हे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, हे कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखतात ते.

प्रश्न : चहामुळे पाण्यातलं शिसं कमी होतं अशी बातमी वाचली. आता डॉक्टरांना सांगू का, की मी औषध म्हणून पितो?
— एक चहाबाज, पुणे

बातमी खरी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ च्या सुरुवातीला ते छापलं. एक कप पाणी, एक टी-बॅग, तीन ते पाच मिनिटं, आणि शिसं कमी झालं सुमारे १५ टक्के. उरलेलं ८५ टक्के कपातच की! धरलेलं शिसं पत्तीवर बसतं, म्हणून चोथा चावून खाऊ नका. डॉक्टरांना साखर किती घालता ते मात्र खरं सांगा.

प्रश्न : आमचं निकेल-क्रोमचं छोटं जॉबवर्क आहे. दिवसाला दोनेक हजार लिटर धुवण निघतं. केमिकलचा आणि स्लज उचलायचा खर्च परवडत नाही. एक सेल्समन बाभळीच्या सालीपासून केलेला ‘हर्बल मीडिया’ विकतोय. क्रोम आणि निकेल दोन्ही धरतो, केमिकल बंद, स्लज शून्य, असं म्हणतो. त्याने डेमो दिला. पिवळं पाणी पिंपातून गेलं आणि पिवळेपणा गेला, टेस्टला गुलाबी रंगही आला नाही. मुलगा म्हणतो घेऊ. घ्यावा का?
— एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक

तुमच्या सेल्समनचा डेमो मी बघितलाय. तीस वर्षांपूर्वी मीच तो दिला होता.

प्लेटिंगच्या नोकरीत मला तिसरं-चौथं वर्ष असेल. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर, कातडं कमवायला ती पूर्वापार वापरतात, आणि क्रोमचं पाणी तिच्यातून सोडलं तर फरक पडतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. एका निळ्या ड्रमला खाली तोटी बसवून घेतली, पोतंभर साल कुटून, धुऊन भरली आणि क्रोमचं पिवळं आम्लयुक्त धुवण वरून सोडलं. खालून फिकट हिरवट पाणी आलं. परीक्षानळीत डायफिनाइल कार्बाझाइड टाकलं. हेक्स क्रोम (सहा संयुजेचं क्रोमियम) असेल तर जांभळट गुलाबी रंग येतो, तो आलाच नाही. मी नळी घेऊन धावतच केबिनमध्ये गेले. साहेबांनी पेढे मागवले, युनियनचे लोकही खाऊन गेले.

आठ दिवसांनी बाहेरच्या प्रयोगशाळेतून एकूण क्रोमियमचा अहवाल आला. ड्रममध्ये जाणारं क्रोमियम आणि बाहेर येणारं क्रोमियम, आकडे जवळजवळ सारखे. साहेब एवढंच म्हणाले, ‘मॅडम, पेढे परत करा.’

झालं असं होतं. हेक्स क्रोम पाण्यात एकटं फिरत नाही. ते ऑक्सिजन घेऊन ऋण प्रभाराचं झालेलं असतं. आम्लयुक्त पाण्यात टॅनिन त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्रिसंयुजी (ट्राय) क्रोमियम करतं. पिवळं जाऊन हिरवट येतं आणि गुलाबी टेस्ट गप्प होते, कारण ती टेस्ट फक्त हेक्स क्रोमला बोलते. पण तयार झालेलं त्रिसंयुजी क्रोमियम धन प्रभाराचं, आणि इतक्या आम्लात सालीच्या सगळ्या सीट हायड्रोजनने अडवलेल्या. मग ते तसंच वाहत बाहेर जातं. सालीने क्रोमचं सोंग बदललं होतं, त्याला धरलं नव्हतं. हेक्सचं ट्राय झालं हा फायदा लहान नाही, हेक्स कितीतरी जास्त विषारी. पण तेच काम तुमचं एसएमबीएस (सोडियम मेटाबायसल्फाइट) करतं, मोजून, पाच रुपयांचं काम पाच रुपयांत.

म्हणून सेल्समनला एकच कागद मागा: आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातलं एकूण क्रोमियम, पीएचसकट. नुसत्या गुलाबी टेस्टवर पैसे मोजू नका.

आता ‘स्लज शून्य’, म्हणजे घातक गाळ मुळीच नाही. तुमच्या निकेलच्या धुवणात लिटरला ५० मिलिग्रॅम निकेल धरू. दोन हजार लिटरमध्ये १०० ग्रॅम. शोधनिबंधांत छापलेले मोठमोठे आकडे सोडा, चालत्या पिंपात असल्या सालीकडून ग्रॅमला पाच मिलिग्रॅम मिळाले तरी मी खूश असते. म्हणजे रोज २० किलो माल संपला. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० किलो, तोही ओला न धरता. आणि निकेल बसलेली ती साल म्हणजे घातक कचराच, तिला कंपोस्टमध्ये किंवा भट्टीत जागा नाही. तेच १०० ग्रॅम निकेल चुन्याने बसवलंत तर कोरडा गाळ १६० ग्रॅमच्या आसपास. चुन्याची घाण आणि दाबलेल्या गाळातलं पाणी धरून किलो-दीड किलो. शून्य कुठलं काढलं त्याने?

एका ठिकाणी, नाव सांगत नाही, वापरलेली साल ‘झाडाचीच तर आहे’ म्हणून बॉयलरला दिली गेली. साल जळते, धातू जळत नाही. तो राखेत राहिला आणि राख आवाराच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर पसरली गेली. पहिल्या पावसात ती कुठे गेली असेल ते मी आजही विचार करते. त्या कागदावर सही माझी नव्हती, पण साल भरायची कल्पना माझीच होती.

मग साल मोडीत काढायची? तसंही नाही. तिची जागा शेवटी आहे. आधी फुकटातलं करा. जिग (वस्तू टांगायची चौकट) बाथमधून, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणातून, वर काढल्यावर दहा-पंधरा सेकंद तिथेच निथळू द्या. बाथच्या शेजारी एक स्थिर पाण्याची टाकी ठेवा, पहिली बुडी तिच्यात, आणि ते पाणी बाथमध्ये पुन्हा भरायला वापरा. पुढच्या धुण्याच्या टाक्यांत पाणी कामाच्या उलट दिशेने फिरवा. पोरांना सवय लागायला महिना जातो, ओरडावं लागतं. पण स्लज कमी करायचा याहून स्वस्त उपाय मी पाहिला नाही, आणि तो विकायला कोणी सेल्समन येत नाही.

क्रोमचं धुवण वेगळं ठेवा. पीएच २ ते ३ वर आणून एसएमबीएस, गुलाबी टेस्ट गप्प झाली की चुन्याने ८-९ पर्यंत चढवा. हिरवा गाळ बसेल. निकेलला त्याहून वर, १० च्या आसपास जावं लागतं. दोन्ही एकत्र करून एकाच पीएचवर बसवायचा आळस केलात तर एक जण नेहमी निसटतो.

एवढं करूनही निकेल कधी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर रेंगाळतं, खाली उतरत नाही. तिथे सालीला बोलवा. गाळ बसवून, वाळूतून गाळून, पीएच ६ च्या आसपास उतरवलेलं पाणी पिंपातून सोडा. लिटरला ३ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ६ ग्रॅम निकेल. त्याच हिशेबाने किलो-सव्वा किलो साल. हे परवडण्यासारखं आहे. भरलेली साल विरल आम्लाने धुऊन निकेल बादलीभर पाण्यात उतरवता येतं आणि ती बादली पुन्हा चुन्याच्या टाकीत जाते. ती निकेलच्या बाथमध्ये ओतायचा मोह होईल, तो आवरा. सालीचे सेंद्रिय पदार्थ बाथमध्ये गेले की प्लेटिंग काळपट आणि ठिसूळ होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? त्याच घाणीसाठी तुम्ही बाथला सक्रिय कार्बन मारता. तो कार्बन पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो. त्या कार्बनने बाथमधलं निकेल कमी झाल्याचं कधी पाहिलंत? नाही ना? वनस्पतीचा माल म्हणून प्रत्येक माल प्रत्येक गोष्ट धरत नाही. ‘दोन्ही धरतो’ म्हणणाऱ्याला हे उदाहरण द्या.

मर्यादा तुम्हाला माहीत असतीलच: हेक्स क्रोम ०.१, एकूण क्रोमियम २, निकेल ३ मिलिग्रॅम लिटरला. प्रदूषण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच खरा. साल विकत घ्यायची झालीच तर पोतं घेण्याआधी नमुना अर्धा किलो मागा. पाच बाटल्यांत तुमचंच गाळलेलं पाणी अर्धा-अर्धा लिटर घ्या, त्यात अर्धा, एक, दोन आणि पाच ग्रॅम साल टाका, पाचवी बाटली कोरी ठेवा. दोन तास हलवून, गाळून पाचही नमुने निकेलच्या तपासणीला पाठवा. आकडे आले की मला कळवा. पुढचा हिशेब आपण त्या आकड्यांवर करू, तोवर मुलाला आगाऊ रक्कम देऊ देऊ नका.